पिकॅडिली सर्कस: निऑनच्या पाट्या गेल्या, पडदा आला. काय गमावलं? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कंदील

१९९६च्या डिसेंबरात लंडनला आलो. त्याच आठवड्यात एका मित्राने पिकॅडिली सर्कस या चौकात इरॉसच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर भेटायला बोलावलं आणि स्वतः तासभर उशिरा आला. तो तास मी समोरच्या जाहिराती बघण्यात घालवला. कोका-कोला, टीडीके, सॅन्यो. पाऊस नुकताच थांबला होता. पाट्यांचे रंग ओल्या रस्त्यावर उतरले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या बसच्या काचांवरून सरकत होते. मित्र आला तेव्हा माझाच पाय निघेना.

परवा पुन्हा तिथे उभा राहिलो. आता त्या कोपऱ्यावर एकच वळणदार पडदा आहे, सुमारे ७८० चौरस मीटरचा. जानेवारी २०१७ मध्ये उरलेल्या सहा जाहिराती बंद केल्या आणि २६ ऑक्टोबरला हा पडदा सुरू झाला. चित्र इतकं स्वच्छ की डोळ्याला काही करायलाच उरत नाही. पाच मिनिटांत मी नजर काढून घेतली. असं का झालं, ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

मला वाटतं, जुनी पाटी ही एक वस्तू होती. त्या भिंतीसाठी मापून घडवलेली, आणि बदलायची तर माणसांनी वर चढून उतरवायची. त्यामुळे लावतानाच ठरवावं लागे की पुढची काही वर्षं आपण या चौकात काय म्हणणार आहोत. सॅन्यो १९७८ पासून तिथे होती, पाटी मधे बदलली पण नाव तेच. २०११ मध्ये ती उतरली आणि तिच्याबरोबर तिथलं शेवटचं निऑन, म्हणजे वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांचा उजेड, गेलं. त्या जागी ह्युंदाईचं एलईडी आलं. पडद्याला काहीच ठरवावं लागत नाही. आत्ता गाडी, थोड्या वेळाने फोन.

आणि एक गोष्ट जास्त लागते. १९६५ मध्ये चर्चिल यांच्या अंत्यविधीच्या वेळी आणि १९९७ मध्ये डायानाच्या अंत्यविधीच्या वेळी हे दिवे विझवले होते. २०२२ च्या सप्टेंबरात राणी एलिझाबेथ गेल्या, तेव्हा जाहिराती काढून पडद्यावर त्यांचं छायाचित्र लावलं. पाटीला गप्प बसता यायचं. पडदा दुःखातही दाखवतच राहतो. माझ्या मते अंधार हवा होता.

टेम्सकाठी

नाही पटलं. तुम्ही जिला वस्तू म्हणता ती आधी जाहिरातच होती. १९०८ मध्ये पेरिए पाण्याची पाटी साध्या बल्बांवर पेटली. पुढे बल्ब जाऊन निऑन आलं, निऑन जाऊन एलईडी. तुमच्या आठवणीत आहे ती मधली पायरी आहे, मूळ नव्हे. आणि टिकाऊपणाचं म्हणाल, तर तुमची टीडीके १९९० मध्ये कोडॅकच्या जागी आली होती, त्याआधी १९८७ मध्ये मॅकडॉनल्ड्सने बीएएसएफची जागा घेतली होती. तुम्ही पायऱ्यांवर बसलात तेव्हा टीडीकेला सहाच वर्षं झाली होती. बदलणं हा त्या चौकाचा स्वभाव आहे.

राणीच्या फोटोबद्दल तर अजिबात सहमत नाही. मी त्या दिवसांत एका संध्याकाळी तिथून जात होते. एरवी जिथे कोणी थांबून कोणाकडे पाहत नाही, तिथे माणसं उभी होती. एका आजीबाईंनी टोपी काढून हातात धरली होती. बंद भिंतीसमोर कोणी असं थांबलं असतं का?

ऑक्टोबर २०२० पासूनचा 'सर्का' उपक्रमही विसरू नका. रात्री ठरावीक वेळी, सुरुवातीला ८ वाजून २० मिनिटांनी, जाहिराती थांबवून कलाकृती दाखवायची. सुरुवात चिनी कलाकार आय वेवेपासून झाली, मे २०२१ मध्ये ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचा सूर्योदय लागला. तिकीट नाही, रांग नाही. हे निऑनच्या नळीला जमलं असतं?

काचकाम

निऑनच्या नळीला काय जमतं ते थोडं सांगतो. हौस म्हणून नळी वाकवायला शिकलो आहे. ज्योतीवर काच मऊ करायची, दुसऱ्या टोकाने हलकी फुंकर मारत राहायची म्हणजे वळणावर नळी चपटी होत नाही, आणि काच घट्ट व्हायच्या आत ती कागदावर काढलेल्या अक्षरावर बसवायची. हातात मोजके क्षण असतात. मग आतली हवा ओढून काढायची, वायू भरायचा, तोंड बंद करायचं आणि उच्च दाबाची वीज द्यायची. शुद्ध निऑन फक्त तांबडा-केशरी उजेड देतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ लागते, बाकीचे रंग काचेच्या आतल्या लेपातून येतात. माझं पहिलं अक्षर 'स' होतं. सात नळ्या फुटल्या.

हा वायू लंडनमध्येच सापडला. १८९८ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी तो द्रवरूप हवेतून वेगळा केला. तिथून पिकॅडिली सर्कस चालत अर्ध्या तासावर आहे. ज्या शहराने जगाला निऑन दिला, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चौकात आज त्याची एक नळी नाही. तो बघायचा तर वॉल्थमस्टोला, ख्रिस ब्रेसी यांनी जमवलेल्या पाट्यांच्या गोदामात जावं लागतं. ब्रेसींनी सोहो या वस्तीसाठी आयुष्यभर पाट्या केल्या. सोहो त्या चौकाच्या पाठीलाच आहे.

टेम्सकाठी, बदल मलाही मान्य आहे. पण बल्ब, निऑन आणि पहिले एलईडी फलक एकाच वेळी वेगवेगळ्या भिंतींवर नांदू शकत होते. आता एकच तंत्र आणि एकच मालक आहे.

वाटसरू

तुम्ही सगळे दिव्यांकडे बघताय. मागे वळून ज्याच्या पायऱ्यांवर बसलात त्याकडे बघा.

तो कारंजा सातव्या अर्ल ऑफ शाफ्ट्सबरींच्या स्मरणार्थ आहे. १८४२ च्या खाण कायद्यामागे हेच गृहस्थ. त्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखालच्या कामावर पाठवायला बंदी आली. आल्फ्रेड गिल्बर्टचा तो पंखांचा पुतळा ॲल्युमिनियमचा आहे. १८९३ मध्ये बसवला, म्हणजे पहिल्या दिव्याच्या पंधरा वर्षं आधी. तो इरॉस नव्हेच, इरॉसचा भाऊ अँटेरॉस, परतफेडीच्या प्रेमाचा देव. लोकांनी नाव बदललं आणि आता माणूसही विसरले. १९८०च्या दशकात वाहतुकीसाठी कारंजा मधून हलवून कडेला नेला. जाहिराती मात्र हलल्या नाहीत.

माझ्या मते वाद निऑन की एलईडी हा नाहीच. सार्वजनिक चौकात एवढा मोठा उजेड विकायला काढावा का, हा आहे. लंडनने एकदा नाही म्हणून दाखवलं आहे. १९५९ मध्ये जॅक कॉटन या बांधकाम व्यावसायिकाने त्याच कोपऱ्यावर, मोनिको कॅफेच्या जागेवर, दर्शनी भागावर जाहिरात मिरवणारा मनोरा आणला होता. आराखडा लोकांसमोर येताच ओरड झाली, जाहीर चौकशी झाली आणि परवानगी नाकारली गेली.

मध्यरात्र

पडद्याचा एक फरक अजून कोणी काढला नाही. निऑनची पाटी आपल्याकडे बघत नव्हती.

२०१७ मध्ये हा पडदा येणार म्हणून सांगितलं गेलं, तेव्हा त्यातल्या कॅमेऱ्यांमुळे समोरून जाणाऱ्या गाड्यांची बनावट आणि रंग ओळखून जाहिरात बदलता येईल, हे त्याचं वैशिष्ट्य म्हणून मांडलं होतं. खासगीपणासाठी काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला. मालक लँडसेकने वैयक्तिक माहिती साठवत नसल्याचं सांगितलं. ते खरं धरू. तरी माझं म्हणणं राहतंच: रस्त्यावरच्या पाटीकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्याचा माझा हक्क होता, आणि जाताना तिला माझ्याबद्दल काही कळत नव्हतं. बंद गाडीत बसलेल्या माणसाला कोणी विचारलं नाही. कलाकृती काही मिनिटं लागते म्हणून उरलेल्या दिवसाचा हिशोब चुकता होत नाही.

टेम्सकाठी

मध्यरात्र, कॅमेऱ्यांबद्दल तुमच्या बाजूने. त्याची बाजू मी घेणार नाही.

वाटसरू, तुमच्याशी मात्र भांडेन. दिवे काढले की शाफ्ट्सबरी लोकांना आठवतील असं वाटत नाही. युद्धात १९३९ पासून तो चौक अंधारात होता, आणि युद्ध संपल्यावरही विजेच्या टंचाईमुळे दिवे १९४९ पर्यंत बंदच राहिले. पुन्हा लागले तेव्हा बघायला लोकांची झुंबड उडाली. ती बोव्हरिल या मांसाच्या अर्काच्या जाहिरातीच्या प्रेमाने नव्हे. आपलं शहर पुन्हा पहिल्यासारखं होतंय, हे त्यांना त्या उजेडात दिसत होतं. असं काही ज्या दिव्यांना चिकटलं आहे, त्यांना निव्वळ विक्रीचा उजेड म्हणू नका.

कंदील

टीडीकेचा मुद्दा मान्य. मी ती कायमची समजत होतो आणि ती सहा वर्षांची होती. टोपी हातात धरलेल्या आजींपुढेही माझ्याकडे उत्तर नाही.

पण १९४९ चं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. दहा वर्षांचा अंधार होता म्हणून ती झुंबड उडाली. आणि काचकाम म्हणतात त्यावरून सुचतं: लँडसेकने त्या इमारतीवर एक कोपरा, अगदी दारावरची पट्टी का असेना, निऑनला द्यावी. ब्रँड कुठलाही चालेल. लंडनमध्ये नळी वाकवणारे हात आहेत तोवर हे व्हावं. वेस्टमिन्स्टर कौन्सिलला मी तसं लिहिणार आहे.

काचकाम

मसुदा इथे टाका. नळीच्या मापांचा आणि विजेच्या जोडणीचा भाग मी लिहून देतो.

वाटसरू

माझी सही धरू नका. पट्टी द्यायचीच असेल तर तिच्यावर ब्रँड नको, शाफ्ट्सबरींचं नाव लिहा. मग करतो.