घरात सर्व्हर रूम: बचत का हौस?

खटपट्या: अडगळीची खोली रिकामी झालीय, तिथे सेकंडहँड रॅक सर्व्हर (कंपन्यांत कपाटासारख्या चौकटीत बसवतात तसला, चोवीस तास चालणारा कॉम्प्युटर), यूपीएस आणि छोटा एसी बसवायचा विचार चाललाय. जून २०२१ पासून गूगल फोटोजचं अमर्याद फुकट बंद झालं, १५ जीबी तर पोरांच्या व्हिडिओंनीच भरलं, आता आयुष्यभर भाडं भरत बसायचं का? आपला डेटा आपल्या घरात, माझं मत पक्कं आहे. बोला.

मीटररीडर: भाडं वाचवायला निघालात आणि वीजबिल कोण भरणार? जुना रॅक सर्व्हर नुसता बसून १५० वॅट खातो धरा, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८, एसी वेगळाच. महावितरणच्या स्लॅबमध्ये १०० आणि ३०० ओलांडलं की वरच्या युनिटांना चढा दर लागतो, त्यापुढे क्लाउडचं भाडं म्हणजे चणेफुटाणे.

निवांत: अहो पण सर्व्हर म्हणजे रॅकच असं कोणी सांगितलं? इंटेलच्या एन१०० या कमी वीज खाणाऱ्या चिपचा मिनी पीसी घ्या, रिकामा असताना १० वॅटच्या आसपास, त्यावर फोटोंसाठी इमिच, सिनेमे-व्हिडिओंसाठी जेलीफिन मस्त चालतं. टीव्हीखाली ठेवा, एसीही नको न खोलीही नको. सीजीनॅटमुळे (इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते त्यामुळे) पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोचायचा स्वतंत्र पत्ता नसेल तर टेलस्केल टाका, त्याने बाहेरूनही मशीनला जोडता येतं.

खटपट्या: मला प्रॉक्समॉक्सवर पाच-सहा व्हीएम, म्हणजे एकाच मशीनमध्ये पाच-सहा आभासी कॉम्प्युटर फिरवायचेत, ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम पायजे. डबीत ती मजा नाही राव.

मीटररीडर: मग हौस म्हणा की सरळ! हौसेला मोल नसतं, आमची ना नाही, फक्त तिला बचत म्हणू नका. आणि १यू म्हणजे रॅकमधल्या सगळ्यात चपट्या मशीनचे ते ४० एमएमचे पंखे रात्री एकदा ऐका, मग घरच्यांना विचारा.

रत्नांग्रीकर: दोघंही मुद्द्याचं सोडून भांडताय. आधी वायरमन बोलवून अर्थिंग तपासा, जुन्या बिल्डिंगीत कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर (लाइट जाताच झटकन बॅटरीवर जाणाऱ्या) टाका, पण बॅटरी संपत आली हे तो सर्व्हरला सांगत नाही, यूएसबीवाला यूपीएस सांगतो आणि एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर मशीन नीट बंद करतं. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते मोजत नाही कोणी. आणि रेड (दोन डिस्कवर तोच डेटा ठेवायची सोय) म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून फोल्डर उडवला तर दोन्ही डिस्कवरून उडतो, एक कॉपी भावाकडे ठेवा.

खटपट्या: भाऊ तयार आहे, त्याच्याकडे मिनी पीसी ठेवतो. रॅक मात्र येणारच.

मीटररीडर: ये बाबा, बिलाचा फोटो टाक मग इथेच.