रेल्वेचा शब्द, घरचा अर्थ: तुमच्याकडे काय म्हणतात?

मुंबईत रविवारी कोणी "आज आमच्याकडे मेगाब्लॉक आहे" म्हणालं, तर तो माटुंगा-मुलुंड दरम्यान असेलच असं नाही. माळा साफ करायला काढलेला असेल, बाईसाहेबांनी स्वयंपाकघर बंद ठेवलं असेल, नाहीतर नवरा-बायकोत अबोला असेल. रेल्वेत ब्लॉक म्हणजे ठरलेल्या वेळेपुरता मार्ग गाड्यांना बंद करून काम करणाऱ्यांच्या ताब्यात देणं. मग रूळ बदलतात, खडी सारखी करतात, ओव्हरहेड वायर तपासतात. म्हणजे मूळ शब्दात दुरुस्तीही आहे. बोलण्यात येताना ती वाटेत कुठेतरी गळाली आणि नुसतं 'बंद' उरलं. रेल्वेवर हा अन्यायच आहे, पण रविवारी ठाण्याच्या फलाटावर उभं असताना तसं अजिबात वाटत नाही.

असे शब्द गोळा करू या. 'हिरवा कंदील' आणि 'गाडी रुळावर येणे' नकोत. वर्तमानपत्रांनी ते इतके घासलेत की त्यांत रेल्वे उरलेलीच नाही. तुमच्या घरात, कचेरीत, गावात चालणारे सांगा. रेल्वेत त्याचा अर्थ काय आणि तुमच्याकडे काय, दोन्ही लिहा.

डोंबिवलीहून

मेगाब्लॉकपासूनच सुरुवात करते. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ठाण्याचे फलाट रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, आठवत असेल. तेव्हापासून आमच्याकडे रुसव्याच्या दोन जाती झाल्यात. सासूबाई आणि मी बोलत नसलो की नवरा ऑफिसमधून फोन करून मुलीला हळूच विचारतो, "रविवारचा आहे की त्रेसष्टचा?" रविवारचा असेल तर संध्याकाळच्या चहाला उठतो. त्रेसष्टचा असेल तर तो येताना बाहेरून जेवण घेऊन येतो.

बोरिवलीहून

पश्चिमवाल्यांतर्फे नोंद: आमच्याकडे जंबोब्लॉक असतो. रुसवे तेच.

कर्जतहून

आमचं अख्खं गाव बँकरवर वाढलंय. बाहेरच्यांसाठी सांगतो. कर्जतहून लोणावळ्याला जाताना भोर घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. पुढच्या इंजिनाला एकट्याला ते झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात आणि ती गाडीला वर ढकलत नेतात. ही इंजिनं म्हणजे बँकर. गाडी वर पोचली की ती सुटतात आणि परत खाली येतात, पुढची गाडी ढकलायला.

आमच्याकडे दहावीच्या पोराला शिकवणी लावत नाहीत, बँकर लावतात. "मागून बँकर लागल्याशिवाय हा गणिताला चढायचा नाही." निवडणुकीत एखादा उमेदवार स्वतःच्या दमावर आला नसेल तर "दोन बँकर होते, म्हणून आला" असं उघड बोललं जातं. आणि ज्याने आयुष्यभर भावंडांची शिक्षणं, लग्नं केली आणि स्वतः मात्र कर्जतलाच राहिला, अशा माणसालाही बँकर म्हणतात. माझ्या मोठ्या काकांना म्हणायचे. त्यांना ते आवडायचं की नाही, कधी कळलं नाही.

दुसरा शब्द उतरणीचा आहे: कॅच सायडिंग. घाट उतरताना ब्रेक निकामी झाले तर गाडी थेट खाली येऊ नये, म्हणून मध्येच एक फाटा चढावर नेलेला असतो. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला. गाडी थांबली, ताब्यात आहे असं पटलं, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. बेताल गाडी आपोआप फाट्यावर चढते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. वडील भडकले की आई आम्हाला खुणेने सांगायची, "आधी कॅच सायडिंगला जाऊ दे." कॅच सायडिंग म्हणजे आमची आजी. वडील तिच्या खोलीत शिरायचे, ती त्यांना लहानपणापासूनची सगळी गाऱ्हाणी ऐकवायची, आणि बाहेर येईपर्यंत आमचं प्रगतिपुस्तक ते विसरलेले असायचे.

भुसावळहून

रेल्वे कॉलनीत जन्म, वडील गार्ड. मालगाडीचा वॅगन बिघडला की तो गाडीतून काढून सिक लाईनला उभा करतात, तिथे दुरुस्ती होते. आमच्या कॉलनीत कोणी आजारी पडत नसे, सिक लाईनला जात असे. "शेजारचे काका चार दिवस सिक लाईनला आहेत, डबा देऊन ये." ठरावीक मुदतीनंतर डबे आणि इंजिनं कारखान्यात पूर्ण उघडून तपासतात, त्याला पीओएच म्हणतात. वडील निवृत्तीनंतर रक्त-लघवी तपासायला जातात तेही पीओएचला. रिपोर्ट चांगला आला की म्हणतात, "पास झालो, लावा लाईनवर."

जाता जाता: २०२२ मध्ये गार्डचं पद 'ट्रेन मॅनेजर' झालं. वडील तोवर निवृत्त झाले होते, तरी आईने महिनाभर त्यांना मॅनेजर म्हणून घेतलं. भाजी आणायला मॅनेजर, गॅसचा नंबर लावायला मॅनेजर.

रत्नागिरीहून

कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी. समोरून गाडी येत असली की आपली गाडी स्टेशनात बाजूला घेतात आणि ती जाईपर्यंत उभी ठेवतात. याला 'क्रॉसिंगला पडली' म्हणतात. कधी दहा मिनिटं, कधी इतका वेळ की सगळ्या डब्याशी ओळख होते. आमच्या घरी माझं लग्न क्रॉसिंगला पडलं होतं, कारण ताईचं व्हायचं होतं. पाहुणे विचारत, "धाकट्याचं काय?" आजोबांचं ठरलेलं उत्तर: "त्याची तयार आहे हो, समोरची पास झाली की सोडतो." पुढे ताई म्हणाली तिला लग्नच करायचं नाही. त्यावर आजोबांनी गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं की समोरची गाडी रद्द झाली आहे, यांना सिग्नल द्या.

पुण्याहून

आमची पिढी तिकीट खिडकीपेक्षा मोबाइलवर वाढली, त्यामुळे शब्दही तिथलेच. आरएसी म्हणजे गाडीत शिरायला मिळतं, पण एका बाजूच्या बर्थवर दोघांनी बसून जायचं. ऑफिसात एका टेबलावर दोघांना बसवलं की तो आरएसी. स्थळ बघताना मुलीकडून 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही, तोही आरएसी. मित्र विचारतात, "चार्ट लागला का?" चार्ट लागला म्हणजे आता काही हलणार नाही. माझा लागला तेव्हा मी वेटिंगमध्येच होतो, आणि ऑनलाइन वेटिंगचं तिकीट आपोआप रद्द होतं. फक्त इथे पैसे परत येत नाहीत, दोन्ही घरच्या कांदेपोह्यांचे.

सोलापूर जिल्ह्यातून

बार्शी लाईट रेल्वे १८९७ ला सुरू झाली. अडीच फुटी रूळ, आणि चाल अशी की तिच्यावरचे विनोद गाडीच्या आधी पोचायचे. अरुंद रूळ जाऊन आता ब्रॉडगेज आलं. पण आमच्याकडे जेवायला वेळ लावणारा अजूनही 'बार्शी लाईट'च. नातवंडांना वाटतं तो कुठला तरी दिवा आहे.

विरारहून

चौथी सीट. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, निम्मा हवेत. वडिलोपार्जित घरात ज्याचा कागदोपत्री हिस्सा नाही, पण राहतो, तो आमच्याकडे चौथी सीट. जास्त लिहीत नाही, घरचे वाचतात.

नागपूरहून

इकडे मेगाब्लॉक कोणी म्हणत नाही. इकडचा शब्द आउटर. स्टेशन दिसतंय, दिवे दिसतायत, लोक सामान काढून दाराशी उभे, आणि फलाट रिकामा नाही म्हणून गाडी बाहेरच्या सिग्नलला थांबलेली. शेवटच्या चार पावलांवर अडकलेलं काहीही इकडे 'आउटरला उभं' असतं: पेन्शनची फाइल, नव्या घराचा ताबा, पोराची नोकरी. माझा प्रबंध बरेच महिने आउटरला उभा होता. सगळी प्रकरणं लिहून झालेली, एक सही राहिलेली. आई रोज फोनवर विचारायची, मी रोज "आउटर" म्हणायचे. शेवटी ती म्हणाली, "मग उतर आणि रुळावरून चालत ये, आम्ही नाही का येत?" दुसऱ्या दिवशी मी सरळ सरांच्या घरी गेले आणि दारातच सही घेतली.