मदत हवी आहे: नवीन किचनमध्ये आधी ओटा की आधी ट्रॉल्या? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

त्रिमूर्तीनगरात आमचं जुनं घर आहे. स्वयंपाकघर साधारण दहा बाय आठ, कडप्प्याचा ओटा, सिंकमागच्या भिंतीला ओल. आता सगळं तोडून नवीन करायचं ठरलंय. अट एकच, महालक्ष्म्यांच्या आधी गॅस पेटला पाहिजे. सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाचा स्वयंपाक हॉलमध्ये इंडक्शनवर होणार नाही, हे आईने आत्ताच जाहीर करून टाकलंय.

माणसं ठरली आहेत, पण त्यांचं आपसात जुळत नाही. गवंडी म्हणतो, "आधी ओटा अन् टाइल्स पूर्ण करतो, मग ट्रॉलीवाल्याला बोलवा." ट्रॉलीवाला म्हणतो, "ग्रॅनाइटला हात लावू नका, आधी माझं सामान बसेल." इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, पॉइंट कुठे ते खडूने भिंतीवर काढून द्या, त्याशिवाय झिऱ्या मारणार नाही. कोणाचं खरं? फरशी ट्रॉल्यांच्या खालीही टाकायची की दिसते तेवढीच? आणि रंगवाल्याला कधी बोलवायचं?

धरमपेठकर
दोघांचंही खरं आहे, कारण दोघांच्या डोक्यात वेगवेगळा ओटा आहे. ग्रॅनाइट कशावर टेकणार, हे आधी ठरवा. कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या टाकून त्यावर ग्रॅनाइट आणि मधल्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या असतील, तर गवंडी आधी. ट्रॉलीवाला ओटा झाल्यावर खणाचं माप घेईल. पण प्लायचे डबे उभे करून त्यांच्यावरच ग्रॅनाइट ठेवायचं असेल, तर डबे आधी. ते फरशीवर लेव्हलमध्ये बसले की मग ग्रॅनाइटचं माप. तिथे गवंड्याला सिमेंटचा माल वापरू देऊ नका, प्लायवर ग्रॅनाइट सिलिकॉनने बसतं.

बाकी क्रम दोन्हीकडे तोच. आधी कागदावर ड्रॉइंग: सिंक, शेगडी, फ्रिज, मिक्सर, आरओ, सगळ्यांच्या जागा आणि उंचीसकट. मग तोडफोड, झिऱ्या, पाइप आणि वायरिंग. पाइप झाकायच्या आधी प्रेशर लावून रात्रभर सोडा, गळती असली तर तेव्हाच कळते. मग प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, सीलिंगचं काही असेल तर ते, आणि त्यानंतर फरशी. फरशी भिंतीपर्यंत पूर्ण टाका. सिंकचं पाणी कधी ना कधी खाली येतंच, डब्यांखाली उघडा कोबा असला तर ते मुरत बसतं. ओट्यावरच्या भिंतीच्या टाइल्स ग्रॅनाइटनंतर, म्हणजे टाइल ग्रॅनाइटवर टेकते आणि सांधा बंद होतो. रंगवाला दोनदा येतो: पुट्टी-प्रायमर आणि एक हात ट्रॉल्यांच्या आधी, शेवटचा हात सगळं बसल्यावर.

आणि ओट्याची उंची ३२ की ३४ इंच हे ट्रॉलीवाल्याला ठरवू देऊ नका. पोळ्या जो लाटतो त्याला उभं करून माप घ्या.

बेसावाला
भाऊ, चिमणीचं काहून कोणी बोलून नाही राहिलं? पाइप सहसा सहा इंचाचा असते. भिंतीचं होल टाइल लावायच्या आधी पाडून घ्या, नाहीतर नवी कोरी टाइल तडकते. पाइप जितका आखूड अन् जितके कमी वळण, तितका धूर बाहेर जाते. अन् ते होल कूलरच्या खिडकीपाशी नको, नाहीतर उन्हाळ्यात फोडणीचा वास कूलरच घरात आणते. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर रेग्युलेटर लावून उंची मोजा, अन् त्या खणाला खालून जाळी ठेवा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचते.

महालक्ष्म्यांचं टेन्शन नका घेऊ. ओटा, नळ, गॅस चालू झाला म्हणजे झालं. शटर नंतर लागले तरी कोणी विचारत नाही.

(मूळ प्रश्नकर्ता)
धन्यवाद दोघांनाही. धरमपेठकर काका, ट्रॉलीवाल्याला विचारलं, त्याचे प्लायचेच डबे आहेत. गवंड्याला वाटत होतं कडप्पा टाकायचाय, म्हणून भांडण. आता एकच अडतंय. पाऊस चालू आहे, सिंकमागची भिंत खरवडली तरी ओलसरच लागते. ट्रॉलीवाला म्हणतो, मागे फोम शीट लावून डबा बसवून टाकू. चालेल का?

धरमपेठकर
नाही चालणार. शीटने ओल झाकली जाते, थांबत नाही. आधी ती कुठून येते ते शोधा. सिंकची लाइन दोन दिवस बंद ठेवून बघा. भिंत सुकायला लागली तर जुना पाइप गळतोय, तो बदला. तशीच राहिली तर बाहेरून पाऊस मुरतोय, मग बाहेरच्या प्लास्टरची भेग भरल्याशिवाय आतलं काही टिकणार नाही. तोवर बाकीच्या भिंतींचे डबे बसवून घ्या, सिंकचा डबा सगळ्यात शेवटी. त्या डब्याला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेलाच प्लाय मागा, आणि तो शिक्का प्लाय कापायच्या आधी स्वतः जाऊन बघा. लॅमिनेट चढल्यावर आत काय आहे, कोणाला कळतं?