बाणगंगेचं स्केच: सगळं आलंय, पण नजर कुठेच थांबत नाही

प्रश्न
मुंबईतल्या बाणगंगा तलावाच्या पायऱ्यांवर बसून पाव इंपिरियल कागदावर पेन्सिलने स्केच केलंय. तलाव, दीपमाळ, देवळं, मागचे टॉवर, बदकं, सगळं प्रमाणात आहे. दीपमाळ बरोब्बर मधोमध आणि पाण्याची पलीकडची कड कागदाच्या अर्ध्यावर आलीय. चित्र यादी वाचल्यासारखं वाटतं. रूल ऑफ थर्ड्स (कागदाचे आडवे-उभे तीन सारखे भाग पाडून मुख्य वस्तू त्या रेघांवर ठेवायचा नियम) वापरला की सुटेल का?

उत्तर १
ते स्केच खोडत बसू नका, बाजूला ठेवा. थर्ड्सची पाळी नंतर येते. आधी चित्र कशाचं आहे ते ठरवा. ‘बाणगंगेचं’ हे उत्तर पुरत नाही. ‘सावलीतल्या पायऱ्यांवर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्याचं’ असं काहीतरी हवं. मग काय गाळायचं ते आपोआप कळतं, आणि बहुधा टॉवर पहिले जातात.

काळ्या कार्डपेपरमध्ये ५.५ × ७.५ सेंटिमीटरची खिडकी कापा. तुमचा कागद ११ × १५ इंचांचा, म्हणजे प्रमाण तेच. एक डोळा मिटून बघा. खिडकी डोळ्याजवळ धरली की खूप पसारा आत येतो, हात लांब केला की दृश्य आवळतं. नवशिके ती डोळ्याला चिकटवूनच धरतात, म्हणून सगळं आत येतं आणि सगळंच बारीक होतं.

मग वहीत त्याच मापाच्या ६ चौकटी आखा, ३ आडव्या, ३ उभ्या. प्रत्येकीला ३ मिनिटं. बोथट ४बी (मऊ, गडद) पेन्सिल घ्या, म्हणजे तपशील काढताच येणार नाही. प्रत्येकीत फक्त चार-पाच मोठे आकार. एकीत पाण्याला दोन-तृतीयांश जागा द्या, दुसरीत नुसती पट्टी. थर्ड्स इथे तपासा: आडव्या कागदावर दीपमाळ डाव्या किंवा उजव्या कडेपासून साधारण ५ इंचांवर.

उत्तर २
वरचं सगळं पटतं, पण मध्य म्हणजे चूकच असं मानू नका. गेटवे ऑफ इंडिया समोरून काढताना कमान मध्यावरच शोभते, कारण इमारतच दोन्ही बाजूंनी सारखी आहे. बाणगंगेला तसं नाही. तिथे दीपमाळ मध्यावर ठेवली की दोन्हीकडे सारखीच रिकामी जागा उरते आणि कागदाचे दोन तुकडे पडतात.

माझ्या मते तुमचा खरा घोटाळा छटांचा, म्हणजे उजळ-गडदाचा असावा. डोळे किलकिले करून बघा आणि त्या चौकटी तीनच छटांत भरा: कोरा कागद, मधला करडा, ६बी पेन्सिलचा (४बीहून मऊ) गडद. तिन्हींना सारखी जागा दिली की चित्र ठिपक्याठिपक्यांचं होतं. एक छटा निम्म्याहून जास्त, दुसरी तिच्याहून कमी, तिसरी चिमूटभर. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ छटा जिथे शेजारी येतील तिथेच नजर जाते, म्हणून ती जागा एकच ठेवा. बदकं पांढरी असतील तर ती तिथेच हवीत, पाणीभर विखुरलेली नकोत.

सकाळी ८ ते ९ ला बसा, सावल्या लांब मिळतात. त्यांच्या कडा पहिल्या १० मिनिटांत आखून टाका आणि नंतर ऊन सरकलं तरी बदलू नका. अर्ध्यात बदलल्या की एका चित्रात दोन सूर्य दिसतात.

उत्तर ३
दोन गोष्टी राहिल्या. पाण्याची पलीकडची कड म्हणजे क्षितिजरेषा नव्हे. क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं, इथे ते घरांमागे झाकलेलं आहे. तरी फिकट रेघेने आखा. बाजूच्या पायऱ्यांच्या कडा दूर जाताना तिच्याकडे चढतात, छपरांच्या कडा उतरतात.

दुसरं, दीपमाळेचं टोक मागच्या छपराच्या रेघेला नेमकं टेकू देऊ नका. टेकलं की पुढचं-मागचं एका पातळीवर चिकटतं. एकतर स्पष्ट वर काढा, नाहीतर मोकळी फट ठेवा. पायरीची कड कागदाच्या कोपऱ्यात घुसत असेल तर ती इंच-दीड इंच वर घ्या, नाहीतर नजर तिथून बाहेर निसटते.

प्रश्नकर्ता
आभार! आधीचं स्केच फुकट गेलं का?

उत्तर १
नाही. कार्डपेपरच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या कापा आणि समोरासमोर ठेवून चौकट लहान-मोठी करत त्यावरून फिरवा. दीपमाळेची एक बाजू, तिच्याखालचं पाणी आणि दोन-तीन पायऱ्या एवढाच तुकडा धरून बघा. जमला तर तोच नव्या कागदावर मोठा करा.