मुंबई पायी बघायची आहे, सुरुवात कुठून करू? सल्ला हवा

सावली

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून भाचा आला होता, सातवीतला. क्रॉफर्ड मार्केटहून भायखळ्याच्या बसमध्ये बसलो. कंडक्टरने "पायधुणी, पायधुणी" अशी हाळी दिली तसं पोरगं खिडकीतून बाहेर बघत म्हणालं, "मावशी, इथे पाय कुठे धुवायचे? पाणी तर दिसत नाही."

मला उत्तर देता आलं नाही. सोळा वर्षं मुंबईत नोकरी करते आहे. डोंबिवलीला गाडी पकडायची, सीएसएमटीला उतरायचं, ऑफिस गाठायचं, संध्याकाळी तीच वाट उलटी. या शहराची पाटी मी रोज वाचते आणि तिचा अर्थ मला माहीत नाही, हे फार लागलं मनाला.

नाताळच्या सुट्टीत तो पुन्हा येणार आहे. गेटवे, राणीची बाग, म्युझियम हे झालेलं आहे. आता आम्हाला चालायचं आहे. तीन-चार तास सहज चालू. सोबत आईही येते म्हणाली. ती सदुसष्ट वर्षांची आहे, चालायला खणखणीत, फक्त फार जिने नकोत. कुठून सुरुवात करू?

रानवाटा

डोळे मिटून फोर्ट. रविवारी सकाळी सात वाजता सीएसएमटीसमोर उभे राहा. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, मान वर करून चाललात तरी कुणाचा धक्का लागत नाही. आणि फोर्टात मान वर करूनच चालायचं असतं, कारण तळमजल्यावर सगळीकडे दुकानांच्या पाट्या आहेत, जुनं शहर पहिल्या मजल्यापासून वर आहे.

स्टेशनची इमारत १८८८ साली पुरी झाली. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. तुम्ही रोज त्यांच्या शेजारून जात असाल. तिथून बाजारगेटच्या बाजूने आत शिरा. बाजारगेट, चर्चगेट आणि अपोलो गेट हे मुंबईच्या किल्ल्याचे तीन दरवाजे. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तटबंदी पाडली. किल्ला गेला, 'फोर्ट' हे नाव उरलं. तटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या मागे अजून उभा आहे.

वाटेत रतनसी मुळजी जेठा यांची १८९४ची पाणपोई लागेल. गेलेल्या मुलाच्या आठवणीत बापाने बांधलेली. माथ्यावर मुलाचा छोटा पुतळा आहे. त्यापुढे सेंट थॉमस कॅथीड्रल, हॉर्निमन सर्कल, टाउन हॉल, फ्लोरा फाउंटन, हुतात्मा स्मारक, आणि शेवटी ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभे राहिलात की एका हाताला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाचं गॉथिक दगडी काम, दुसऱ्या हाताला १९३०च्या आसपासच्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. एका नजरेत साठ वर्षांचं अंतर दिसतं.

टाउन हॉलच्या पायऱ्या तीसेक आहेत. आईंना खालीच बागेत बसवा.

गिरगावकर

रानवाटा, तुमचा मार्ग चोख आहे, पण त्या मुलाने विचारलंय काय? पाणी कुठे आहे. त्याचं उत्तर फोर्टात मिळणार नाही. सावलीताई, मी तुम्हाला पाण्याच्या मागावर जायला सांगेन. मी गेली वीस वर्षं हीच एक वाट पुन्हा पुन्हा चालतो आहे, आणि मला विचाराल तर मुंबई समजून घ्यायची दुसरी वाट नाही.

मुंबई म्हणजे सात बेटं हे आपण शाळेत पाठ केलं: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पण बेटं म्हणजे मध्ये पाणी होतं, हे आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. भरतीला खाडीचं पाणी आत घुसायचं. ओहोटीला चिखल उरायचा. त्या चिखलातून चालत मुंबई बेटावर पाऊल ठेवलं की माणसं पाय धुवायची. ती जागा पायधुणी. आज डोक्यावरून जे.जे. उड्डाणपूल जातो, खाली टॅक्स्या आणि हातगाड्या, पण तिथे उभं राहून उत्तरेकडे तोंड केलंत की तुमच्यासमोर एकेकाळी पाणी होतं. जवळचंच उमरखाडी. नावातच खाडी आहे. तीच मुंबईला माझगावपासून तोडायची.

मग पाणी गेलं कुठे? महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडीतून समुद्र आत यायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात तिथे बांध घातला. आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावर आहे. तोंड बंद झालं, आतली सखल जमीन हळूहळू कोरडी झाली, तिथे भराव पडले, वस्ती आली. आजही पहिल्या मोठ्या पावसात कुठे पाणी तुंबतं ते बघा. बरेचदा ती जुन्या पाण्याचीच जागा असते.

आता मार्ग. मशीद स्टेशनला उतरा. तिथून पायधुणी, मग मुंबादेवी, मग भुलेश्वरातून सी.पी. टँक, पुढे गिरगाव आणि शेवटी चौपाटी. म्हणजे खाडीपासून समुद्रापर्यंत. सरळ चाललात तर तासाभराचं अंतर आहे, थांबत थांबत गेलात तर तीन तास. जिने जवळजवळ नाहीत.

सी.पी. टँक म्हणजे कावसजी पटेल तलाव. 'टँक' शोधायला जाल तर तलाव दिसणार नाही. तसाच धोबी तलाव, तशीच दोन टाकी, तसाच गवालिया टँक, जिथे गवळी गुरं धुवायला आणत. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि या तलावांची गरज कमी झाली. पुढे मलेरियाची भीती बसली आणि विसाव्या शतकात ते बुजवले गेले. गवालिया टँकच्या मैदानातच १९४२च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. नाव ऑगस्ट क्रांती मैदान झालं, तरी बसवाले अजून 'गवालिया टँक'च म्हणतात.

पोराला सांगा, नकाशात तलाव, खाडी, बंदर, वाडी शोध. चिंचबंदर, चिंचपोकळी, फणसवाडी, वडाळा. झाडं आणि पाणी दोन्ही नावांत राहून गेलंय.

रविवारी मात्र जाऊ नका. भुलेश्वर आणि मशीद हे चालू बाजार आहेत, ते चालू असतानाच बघायचे. आठवड्यातला कुठलाही दिवस, सकाळी साडेआठपर्यंत निघा. अकरानंतर हातगाड्या आणि डोक्यावर ओझी घेतलेले हमाल यांच्यामध्ये आपण अडथळा होतो. ते काम करत असतात, आपण हिंडत असतो, तेव्हा बाजूला आपणच व्हायचं.

सावली

गिरगावकर, वाचताना अंगावर काटा आला. पोराला फोन करून सांगितलं, तो कागद घेऊनच बसलाय. एक शंका: मशीद स्टेशनला नाव कुठल्या मशिदीवरून पडलं? तीही बघता येईल का?

जुनीवही

याचं उत्तर मी देते, कारण हा माझा जिव्हाळ्याचा कोपरा आहे. ते नाव मशिदीवरून नाही, सिनेगॉगवरून पडलं असं मानतात. सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, शार हरहमीम, म्हणजे दयेचं द्वार. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत आणि तेच नाव स्टेशनला चिकटलं. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, सुटून आल्यावर त्यांनी हे मंदिर उभारलं असं सांगतात.

बेने इस्रायली आपलेच. कोकणातून आलेले, गावावरून पडलेली दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावं, घरात मराठी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा राखणदार काकांनी दार उघडलं आणि विचारलं, "कुठून आलात?" इतक्या घरच्या मराठीत, की मी दोन क्षण बोललेच नाही. आता तिथे नियमित राहणारी घरं फार थोडी उरली आहेत. आत जायचं तर नम्रपणे विचारा, शनिवार टाळा कारण तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र वार, आणि डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. नाही म्हणाले तर बाहेरून नमस्कार करून पुढे व्हा.

गिरगावात खोताच्या वाडीत शिराल, तिथली एक गोष्ट कळकळीने सांगते. ती लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिना असलेली एकमजली-दुमजली घरं ही प्रदर्शनं नाहीत. आत माणसं राहतात. मागच्या वर्षी मी बघितलं, पंधरा-वीस जणांचा घोळका एका आजींच्या व्हरांड्यासमोर उभा राहून त्या कपडे वाळत घालत असताना फोटो काढत होता. आजी आत गेल्या आणि त्यांनी दार लावलं. त्या लावलेल्या दारापुढे मला फार लाज वाटली. आवाज खाली ठेवा, फोटो गल्लीचा काढा, उंबऱ्याच्या आतला नको. वाडीत जुना क्रूस दिसेल. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत असे क्रूस ठिकठिकाणी उभे राहिले, गिरगाव, माझगाव, वांद्रे सगळीकडे.

पलीकडेच केशवजी नाईकांची चाळ. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव तिथे बसला, आणि आजही तिथे मूर्ती छोटीच असते. मग चौपाटीवर टिळकांचा पुतळा. १९२० साली १ ऑगस्टला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ते वारले आणि त्यांना अग्नी चौपाटीवर दिला गेला. सरदारगृहाची इमारत तुमच्या बसच्या वाटेवरच आहे, बघा.

भोईवाडा

दक्षिण मुंबई सोडून कुणी काही सांगत नाही म्हणून लिहितो. परळला या. बारादेवीच्या देवळाजवळ एक प्रचंड शिल्प आहे, परळचा शिव. १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना सापडलं. पाचव्या-सहाव्या शतकातलं समजतात, उंची साडेतीन मीटरच्या आसपास. एका शिवातून दुसरा, त्यातून तिसरा, वर वर उगवत गेलेले, आणि बाजूंनी आणखी. अपुरं राहिलेलं काम आहे, तरी समोर उभं राहिलं की शब्द सुचत नाहीत. घारापुरीला बोटीने जाणारे हजारो, आणि हे आमच्या चाळींच्या गल्लीत, शेजारच्या इमारतीतल्या माणसालाही कधी कधी माहीत नसतं. दार बंद असलं तर देवळात विचारा.

तिथून दहा-पंधरा मिनिटांवर बीआयटी चाळ, पोयबावाडी. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झाला, या चाळी त्याच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब सुमारे बावीस वर्षं राहिले. पुतळे सगळे बघतात. पण त्या जिन्याची रुंदी, त्या सामायिक गॅलरीत रात्री किती आवाज असेल, हे बघून मग विचार करा की तिथे दिव्याखाली काय वाचलं गेलं असेल. तिथेही कुटुंबं राहतात, जुनीवही म्हणतात ते इथेही लागू.

रानवाटा

भोईवाडा, परळच्या शिवाबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. या शनिवारी येतो.

सावली, अजून एक खेळ पोरासाठी. सेंट थॉमस कॅथीड्रलपासून अंतरं मोजणारे इंग्रजांच्या काळचे मैलाचे दगड शहरात ठिकठिकाणी आहेत, रोमन आकड्यांत कोरलेले. काही फूटपाथमध्ये कोरलेल्या नावापर्यंत गाडले गेले होते, महापालिकेने अलीकडे त्यातले काही उकरून वर काढलेत. चर्च १७१८चं. म्हणजे शहराचं शून्य तिथे होतं.

सावली

कालच जाऊन आलो, म्हणून लगेच लिहिते.

मशीद ते चौपाटी, साडेतीन तास. सिनेगॉगमध्ये काकांनी आत घेतलं. आई त्यांच्याशी पेणबद्दल बोलत बसली, तिचं आजोळ पेणचं. अर्धा तास तिथेच गेला आणि तो सगळ्यात चांगला गेला.

पायधुणीला भाचा पुलाच्या खांबाशी थांबला, पाठीवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि बूट-मोजे उतरवून खरोखरच पाय धुतले. बाजूच्या दुकानदाराने विचारलं, काय झालं, लागलं का? पोराने त्याला खाडीची सगळी गोष्ट सांगितली. दुकानदार म्हणाला, चाळीस वर्षं बसतोय इथे, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आईला बसायला स्टूल दिलं.

सी.पी. टँकला आई दमली होती, पण चौपाटी दिसेपर्यंत थांबायला तयार नव्हती. वाळूत बसल्यावर म्हणाली, आता बाणगंगा. तिथल्या पायऱ्यांचं काय? वरून, रस्त्याच्या बाजूने तळं नीट दिसतं का, की खाली उतरावंच लागतं? कुणी आईच्या वयाच्या माणसाला घेऊन गेलं असेल तर सांगा, पुढच्या रविवारचा बेत आहे.