'घरीच टोचून घ्या' या सल्ल्याला माझा सविस्तर विरोध

काटेकोर:
स्तनाग्र आणि जननेंद्रिय यांच्या पिअर्सिंगबद्दल (दागिना घालण्यासाठी केलेल्या छेदनाबद्दल) काल येथे एका सदस्याने जो सल्ला दिला, तो वाचून मी गप्प बसू शकत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: सुई उकळून घेतली की घरीसुद्धा टोचता येते, जखम दिवसातून तीन-चार वेळा स्पिरिटने पुसावी, छिद्र बुजू नये म्हणून दागिना रोज फिरवावा आणि पू दिसला की दागिना काढून टाकावा, म्हणजे सगळे आपोआप बरे होते. यातली चारही विधाने धोकादायक आहेत आणि ती आत्मविश्वासाने लिहिलेली असल्यामुळे अधिकच धोकादायक आहेत.

पाणी उकळल्याने बरेच जंतू मरतात, पण जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक, सुप्त रूपे, टिकून राहू शकतात. म्हणूनच जबाबदार पिअर्सर प्रत्येक वेळी नवी, बंद पाकिटातली सुई वापरतात आणि चिमट्यांसारखी पुन्हा वापरायची अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे ठेवतात. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस टिकू शकतो. टोचून घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने या आजाराची लस आधी पूर्ण करावी, असे मी आवर्जून सांगते.

दुसरी गोष्ट शरीररचनेची. स्त्रीच्या शिश्निकेवरील (क्लिटोरिसवरील) आवरणातून जाणारे उभे छेदन त्वचेच्या त्या पातळ घडीतून जाते, शिश्निकेच्या आतून नव्हे. ती घडी पुरेशी खोल आहे की नाही, हे प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कळत नाही आणि अनेक स्त्रियांची रचना या छेदनाला सोयीची नसतेच. पुरुषांमध्ये मूत्रमार्गातून शिरून शिश्नमुंडाच्या (शिश्नाच्या टोकाच्या) खालच्या बाजूने बाहेर येणारे छेदन रक्ताने भरलेल्या ऊतीजवळून जाते. पहिले काही दिवस अधूनमधून रक्त येणे तेथे अपेक्षितच असते, पण जागा चुकली तर रक्तस्राव थांबवणे एकट्या माणसाच्या हाती राहत नाही. आरशात बघून, थरथरत्या हाताने हे करायला सांगणाऱ्याने त्याची जबाबदारीही घ्यावी.

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे नव्याने तयार होणाऱ्या पेशी मरतात. काळजी म्हणजे हात धुऊन ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक सलाईन जागेवर फवारणे, मऊ झालेली खपली पाण्याखाली आपोआप निघू देणे आणि जागा कोरडी ठेवणे. यापलीकडे त्या जखमेला हात लावू नये. घरी कालवलेले मीठ-पाणी बहुतेक वेळा गरजेपेक्षा खारट होते आणि त्वचा कोरडी पाडते. दागिना फिरवल्याने तर खपलीचे कण आत ओढले जातात आणि जुळत आलेली कड पुन्हा फाटते.

मोकळाश्वास:
तुमचे शास्त्र मला मान्य आहे, पण तुम्ही मूळ प्रश्नाला बगल दिली आहे. लोक घरी का टोचतात? त्यांना सुई आवडते म्हणून नव्हे. अनोळखी व्यक्तीसमोर कपडे उतरवण्याची आणि नंतर काही बिघडले तर डॉक्टरांसमोर उभे राहण्याची त्यांना लाज वाटते. माझ्या एका मैत्रिणीचे स्तनाग्र सुजले, तेव्हा तिने धीर करून दवाखाना गाठला. तेथील डॉक्टरांनी तपासण्याआधी तिला तिच्या चारित्र्याबद्दल प्रश्न विचारले आणि "हे असले करायला कोणी सांगितले होते?" असे म्हणून औषध लिहिले. पुढच्या वेळी तिला ताप आला तरी ती गेली नाही. ज्या समाजात मदत मागणाऱ्याचा आधी अपमान होतो, तेथे ऑटोक्लेव्हचे तापमान सांगून काय साधणार? मी मूळ सल्ला देणाऱ्याची बाजू घेत नाही, पण त्याच्यावर तुटून पडण्याआधी दवाखान्यांकडेही बोट दाखवा.

रात्रपाळी:
मी परिचारिका आहे आणि बोट माझ्याकडेच दाखवले जात आहे असे समजून लिहिते. वर सांगितलेले वागणे निंद्यच आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण दुसरी बाजूही ऐका. स्तनाग्राच्या छेदनानंतर काही महिन्यांनी, जखम वरून पूर्ण बरी दिसत असताना, आत गळू झालेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांतील एकीचा पू वारंवार काढावा लागला, कारण संसर्ग नेहमीच्या जंतूंचा नव्हता आणि औषधे दीर्घकाळ घ्यावी लागली. हे पाहिलेल्या माणसाला 'जबाबदारीने टोचून घ्या' हा सल्लासुद्धा अर्धवट वाटतो. मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार चालू असलेल्यांनी यात पडूच नये, निदान आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तरी नाही. आणि काटेकोर, पू दिसल्यावर दागिना काढा हा सल्ला तुम्ही चुकीचा ठरवलात, ते मला पटलेले नाही. संसर्ग झालेल्या ठिकाणची परकी वस्तू काढायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले जाते.

काटेकोर:
परकी वस्तू काढण्याचा नियम मला ठाऊक आहे, पण छेदन ही दोन तोंडांची नळी आहे, हे त्या नियमात धरलेले नसते. दागिना काढला की त्वचेची दोन्ही तोंडे आतल्या भागाच्या आधी मिटतात, पू बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि तुम्ही ज्या गळवाचे वर्णन केले, नेमके तेच आत तयार होण्याची शक्यता वाढते. पिअर्सर लोकांच्या व्यावसायिक संघटनेची, १९९४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्सची, सूचना हीच आहे आणि ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवासुद्धा डॉक्टर सांगत नाहीत तोवर दागिना काढू नका, असेच सांगते. मी डॉक्टरांकडे जाऊ नका असे म्हणत नाही. मी म्हणते की, दागिना तसाच ठेवून जा.

रात्रपाळी:
'डॉक्टर सांगत नाहीत तोवर' हे शब्द तुम्हीच लिहिले आहेत, त्यांवर थोडे थांबा. तोंडे मिटून आत गळू होते, हे किरकोळ, वरवरच्या संसर्गाबाबत मी समजू शकते. पण ताप आहे, लाली पसरत चालली आहे, स्तन घट्ट आणि गरम झाला आहे, अशा वेळी पू एका बारीक छिद्रातून आपोआप वाहून जाईल या आशेवर राहणे म्हणजे दिवस वाया घालवणे होय. तेथे चीर देऊन निचरा करावा लागतो आणि दागिना त्या वेळी निघतोच. तुमच्या वाक्यामुळे कोणी 'दागिना ठेवायचा असतो' एवढेच वाचून घरी बसले, तर त्याची जबाबदारी कोणाची? पिअर्सरांची संघटना जखम उघडून बघत नाही, आम्ही बघतो.

काटेकोर:
घरी बसा असे मी कोठेही लिहिलेले नाही, कृपया माझ्या तोंडी वाक्ये घालू नका. दागिना काढल्यामुळे आत पू कोंडला गेलेल्या रुग्णाला 'आता दागिना निघाला, बरे होईल' असे सांगून परत पाठवलेले मी माझ्या बहिणीच्या बाबतीत पाहिले आहे. आठवडाभरात तिच्या बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ झाली आणि शेवटी भूल देऊन ती फोडावी लागली. ज्या व्यक्तीने दागिना काढला, तिने छिद्र उघडे ठेवण्यासाठी त्याजागी काहीही घातले नव्हते. चीड त्याची आहे.

धातूपारखी:
या वादात ज्याच्यामुळे अर्ध्या लोकांना पू आल्यासारखे वाटते, त्या गोष्टीचे नावही कोणी घेतलेले नाही, ती म्हणजे निकेल. लाल, खाजणारी, पाझरणारी जागा संसर्गाचीच असेल असे नाही. ती पुष्कळदा धातूच्या अॅलर्जीची असते आणि तेथे प्रतिजैविके देऊन काहीही होत नाही. दुकानदार 'सर्जिकल स्टील' म्हणून जे विकतात, त्याची रचना ठरलेली नसते. नेहमीच्या ३१६एल प्रतीच्या स्टेनलेस पोलादात सुमारे १० ते १४ टक्के निकेल असते. धातूच्या रचनेत ते निकेल बऱ्यापैकी बांधलेले राहते, पण पृष्ठभाग खडबडीत असेल तर ओल्या जखमेत ते सुटू लागते. टोचलेल्या जागी घालण्याच्या वस्तूतून दर आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटले पाहिजे, अशी युरोपीय संघाची मर्यादा आहे. जेथे असा नियम नाही, तेथे ग्राहकाने स्वतः प्रमाणपत्र मागायचे असते. एएसटीएम एफ१३६ प्रतीचे (शरीरात बसवण्याच्या वस्तूंसाठीच्या मानकाचे) टायटॅनियम, निओबियम, किंवा निकेलविरहित १४ अथवा १८ कॅरेट सोने, एवढेच ताज्या जखमेत घालावे. मुलामा दिलेले दागिने तर मुळीच नकोत, कारण मुलामा निघतो आणि खालचा धातू उघडा पडतो. मला निकेलची अॅलर्जी एका स्वस्त कानातल्यामुळे जडली आणि ती जन्मभर राहणार आहे. त्यामुळे या विषयावर मी तडजोड करत नाही.

मोकळाश्वास:
धातूपारखी, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तुम्ही सांगितलेले दागिने सर्वांच्या आवाक्यातले नसतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काय करावे, याचे उत्तर येथे कोणीच देत नाही.

धातूपारखी:
उत्तर सरळ आहे, पैसे जमेपर्यंत थांबावे. छेदन ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. स्वस्त दागिन्यावर वाचवलेले पैसे त्वचारोगतज्ज्ञाकडे कितीतरी पटींनी जातात, आणि कटू वाटेल तरी हे बोललेच पाहिजे.

सहप्रवासी:
सारे जण सुई आणि धातू यांवर भांडत आहेत, म्हणून जोडीदाराच्या बाजूने लिहितो. माझ्या पत्नीच्या छेदनाच्या वेळी आम्हाला 'काही आठवडे जपा' एवढेच सांगितले गेले. प्रत्यक्षात शिश्निकेच्या आवरणाचे छेदन साधारण ४ ते ८ आठवड्यांत बरे होते, पण स्तनाग्राला ६ ते १२ महिने लागू शकतात आणि वरून बरी दिसणारी जागा आतून कच्चीच असते. या काळात लाळ, दुसऱ्याच्या शरीरातील द्रव आणि न धुतलेले हात यांपासून जखम दूर ठेवणे हे जोडीदाराचेही काम आहे. जननेंद्रियाच्या छेदनानंतर पूर्ण बरे होईपर्यंत संबंध टाळावेत, आणि नंतरही दागिन्याच्या कडेला लागून कंडोम फाटू शकतो, हे ध्यानात ठेवावे. सूज मावावी म्हणून सुरुवातीला लांब बारबेल (दोन्ही टोकांना गोळी असलेली दांडी) घालतात. सूज उतरल्यावर ती पिअर्सरकडून बदलून छोटी करून घेतली नाही, तर कपड्यात अडकून जखम पुन्हा उघडते. हे आम्हाला आधी कोणी सांगितले नाही, त्याचे मला फार वाईट वाटते.

रात्रपाळी:
सहप्रवासी यांनी लिहिलेले वाचून बरे वाटले. अशा जोडीदारांची संख्या वाढली, तर माझे अर्धे काम कमी होईल.

काटेकोर, तुमच्या बहिणीबाबत जे झाले ते व्हायला नको होते. छिद्र उघडे ठेवण्यासाठी काहीही न घालता दागिना काढणे ही हयगय होती, एवढे मी मान्य करते. किरकोळ संसर्गात रुग्णाने तो स्वतः काढू नये, हेही मान्य, जरी मला ते आवडलेले नाही. पण पुढची ओळ मी सोडणार नाही: लाली जागेपासून पसरत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, रक्ताने कापड भिजत राहत असेल, मूत्रमार्गाच्या छेदनानंतर लघवी होत नसेल किंवा स्तनाग्रामागे गाठ हाताला लागत असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. छेदन होऊन किती महिने लोटले आहेत, याचा विचार करत बसू नये. दागिना ठेवायचा की काढायचा, हे तपासणारी व्यक्ती ठरवेल. मात्र काढल्यावर तिने दोन्ही तोंडे उघडी ठेवण्याची काय सोय केली आहे, असे रुग्णाने स्पष्ट विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नये.

काटेकोर:
शेवटचे वाक्य मी तुमच्या परवानगीने माझ्या यादीत जोडते. चीर द्यायचीच असेल तर दागिना निघणार, हे मी नाकारले नव्हते. मात्र माझे वाक्य त्याआधीच अपुरे वाचले जाऊ शकते, हे आता ध्यानात आले. बाकीच्या मुद्द्यांवर मी कायम आहे. मोकळाश्वास, तुमच्या मैत्रिणीला कृपया सांगा की ताप असताना घरी थांबू नये, आणि सोबत कोणीतरी घेऊन जावे, म्हणजे चारित्र्याचे प्रश्न विचारणाऱ्याला मध्येच थांबवता येईल.

मोकळाश्वास:
मी स्वतः तिच्यासोबत जाईन. डॉक्टरांनी तसे प्रश्न पुन्हा विचारले, तर त्यांना मी तेथेच उत्तर देईन.