उन्हाळ्यात गेलं की सण हुकतात

शिक्षकांना सुट्टीत परदेशी अभ्यासवर्गाला पाठवण्याबद्दल "चार-सहा आठवड्यांत कसली संस्कृती कळणार, सरकारी खर्चाने नुसतं फिरणं," असं एका दादांनी लिहिलंय. अगदीच तसं नाही. अमेरिकेत १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याखाली (शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कायदा) परदेशी अभ्यासवर्गाला जाणाऱ्या शिक्षकांना वर्गात शिकवण्याजोगं काहीतरी तयार करून द्यावं लागतं.

माझी तक्रार आहे ती हे वर्ग उन्हाळी सुट्टीत ठेवण्याची; तिकडे ती जुलै-ऑगस्टमध्येही असते, आपल्याकडे मे महिन्यात. चीनमधल्या युन्नानला जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर यी लोकांचा मशालींचा सण बहुधा सापडेल, पण दाई लोकांचा पाण्याचा सण एप्रिलमध्येच उरकलेला असतो. आपल्या नंदुरबारातही तेच. मे महिन्यात कोणी काठी गावाला आलं तर त्याला काय दिसणार? तिथली आदिवासींची राजवाडी होळी फाल्गुनात, तीही पहाटे पेटते. कमरेला वाळलेले दुधी भोपळे नि घुंगरू बांधलेले बुध्ये (होळीत सोंग घेऊन नाचणारे), डोक्यावर मोरपिसांचे टोप, रात्रभर ढोल. हे पाहायचं तर परीक्षेच्या तोंडावर रजा काढा! (मिळाली तर मलाही कळवा.)

शिरपूर-चोपड्याकडच्या कितीतरी वर्गांत पावरा या आदिवासी जमातीची मुलं बसतात. तिथल्या शिक्षकांना आधी भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या) दिवसांत नंदुरबारातल्या धडगावला पाठवा, परदेशाचं नंतर बघू.